पिराच्या लग्नाला गेलेली नाशिकची मंडळी

ज्यांना सूफी व्हायचं असेल त्यांनी एप्रिल महिन्यात होऊ नये. प्रवासाला निघणाऱ्यांना माझ्याकडून मिळण्यासारखा उपयोगी सल्ला हा एवढाच आहे, म्हणून तो सुरुवातीलाच देऊन टाकते. टोपी न्या, पाणी न्या, आणि पोट बरं नसेल तर घरीच बसा.

गंगापूर रोड

साल दोन हजार तीन. नाशकात कुंभमेळ्याची रंगरंगोटी चालली होती, निम्मे रस्ते उकरून ठेवले होते, आणि आमच्या गंगापूर रोडवरच्या अभ्यासमंडळाला अध्यात्माची भूक लागली होती. मंडळ तसं जुनं. एक वर्ष उपनिषदं झाली. एक वर्ष निसर्गोपचार झाला, त्यात तिघं आजारी पडले. त्या वर्षी टीव्हीवर उठसूट प्रत्येक गाण्यात 'मौला मौला' ऐकू यायला लागलं होतं, तेव्हा मंडळाने सूफी पंथ घेतला. घेतला म्हणजे दर शनिवारी एक अशी सहा व्याख्यानं ठेवली, मध्यंतरात बटाटेवडा.

व्याख्याते आमचे सर. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले, आवाज भारदस्त. खोटं कशाला बोला, माणूस वाचलेला होता. इस्लाममध्ये देवाकडे जायची आतली वाट धरणारे ते सूफी, गुरू तो पीर, शिष्य तो मुरीद, गुरुपरंपरा तो सिलसिला, देवाच्या नावाचा जप तो जिक्र, हे सगळं मला त्यांच्याकडूनच कळलं. जपता जपता स्वतःचं 'मी'पण विरून गेलं की ती फना. या मीपण विरण्यावर सर दीड तास बोलले, आणि 'मी म्हणतो', 'माझं स्पष्ट मत', 'मी पूर्वीच लिहून ठेवलंय' यांचा असा काही मारा केला की शेवटी मी खिडकीबाहेर बघत बसले.

मी मंडळाची सभासद नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे कुणी फार वेळ उत्तर न काढता बोलत राहिलं की माझं डोकं उठतं. जीभही जरा तिखट आहे, असं घरात एकमताने ठरलेलं आहे. पण आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून दिसेल त्या वर्गात पहिल्या बाकावर बसतात, हातात वही घेऊन. त्यांच्यावर लक्ष ठेवायला मी जाते.

सहावं व्याख्यान संपलं आणि सर म्हणाले, "आता शब्द पुरे. आता अनुभूती हवी." ह्यांनी 'अनुभूती' लिहून खाली रेघ मारली. मग ह्यांच्याच खात्यातल्या एका जुन्या कारकुनाच्या ओळखीने येवल्याच्या पुढचं एक खेडं ठरलं. तिथे एका पिराचा दर्गा आहे आणि चैत्री पौर्णिमेनंतरच्या गुरुवारी उरूस भरतो. उरूस मुसलमानी महिन्याने धरतात अशी माझी समजूत होती. या गावाने तो कांदा काढून झाल्यावरच्या सोयीने चैत्रात बांधून टाकला होता, आणि पिराने आजवर तक्रार केलेली नव्हती. गावाचं नाव सांगत नाही. आमच्यासारखी आणखी एक जीप तिथे जाऊ नये म्हणून.

येवला

पहाटे सहाला नऊ जण जीपमध्ये बसलो. निफाड आलं आणि गेलं. द्राक्षं उतरली होती, बागा मोकळ्या उभ्या होत्या. विंचूरला एकाला उलटी झाली, तो तपशील देत नाही.

येवल्यात चहाला दहा मिनिटं थांबायचं ठरलं होतं. चहाच्या शेजारी पैठणीचं दुकान होतं. संपलं! बायका आत गेल्या, त्यांना बोलवायला पुरुष आत गेले, आणि पुरुषांना बोलवायला सर. आतल्या खोलीत मागावर एक जण मोराचा पदर विणत होता. गादीवर पैठण्यांचा ढीग पडला होता, आणि ढिगाच्या मध्यभागी उभं राहून सरांनी सांगितलं, की सूफ म्हणजे लोकर, ऐहिक सुखांचा त्याग करून जाडंभरडं लोकरी वस्त्र पांघरणारे म्हणून ते सूफी. "वा!" म्हणून देवधरबाईंनी जांभळी बाजूला काढायला सांगितली. दीड तासाने आम्ही निघालो तेव्हा जीपच्या टपावर तीन खोकी जास्त होती.

या देवधरबाई मंडळाच्या उत्साहमूर्ती. वय साठ. कुठल्यातरी वाहिनीवर त्यांनी गोल गोल फिरणारे दरवेश पाहिले होते, आणि तशी गिरकी घेता यावी म्हणून खास सोळा कळ्यांचा पांढरा घागरा शिवून आणला होता.

गावात, दुपारपर्यंत

डांबरी रस्ता संपला त्या फाट्यावर दोन तरुण एकाच मोटरसायकलवर आमची वाट बघत होते. पुढे बसलेला प्रकाश, गावच्या पाटलांचा मुलगा. त्याच्याच घरी आम्ही उतरणार होतो. मागे बसलेला इक्बाल, दर्ग्याच्या मुजावराचा मुलगा. मुजावर म्हणजे दर्ग्याची झाडलोट, दिवाबत्ती बघणारा, पिढीजात. इक्बालचं येवल्यात वेल्डिंगचं दुकान होतं. दोघं पहिलीपासून एका बाकावर बसलेले, आणि अजूनही एकाच गाडीवर. सरांनी तेवढ्यावरच उतरून दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून फोटो काढून घेतला.

दर्गा गावाबाहेर, ओढ्याच्या काठी. चुन्याने रंगवलेला छोटासा घुमट, आत कबर, तिच्यावर हिरवा गलेफ, समोर कडुनिंब. आमच्याकडे पंचवटीत पाऊल टाकलं की चार जण गाव, कूळ आणि आजोबांचं नाव विचारत मागे लागतात. इथे कुणी काही म्हणजे काही विचारलं नाही. मंडळाला थोडा अपमान झाल्यासारखंच वाटलं.

मुजावर बाबूभाई सत्तरीचे. मेंदी लावलेली लालभडक दाढी, आणि त्या दाढीचा त्यांना केवढा तो अभिमान! बोलताना सारखा हात तिच्यावर. पीरबाबा भिंतीवर स्वार होऊन ओढा कसे ओलांडून आले हे त्यांनी आम्हाला साग्रसंगीत सांगितलं. भिंत कुठली, तीही दाखवली. मग काळे दोरे काढले. दमा, मूळव्याध, कोर्टाचं काम, दहावीची परीक्षा, सगळ्याला एकच दोरा.

"परीक्षेत गुण येतो का याने?" मी विचारलं. तीस वर्षं त्याच धंद्यात होते.

"अभ्यास केल्यावर येतो," बाबूभाई म्हणाले.

सर पुढे सरसावले. "तुमचा सिलसिला कोणता? चिश्ती की कादरी?"

"आमचा? माझे वडील, त्यांचे वडील. त्याच्या अगोदरचे म्हाईत नाय बा."

"आणि फनाचा अनुभव?"

बाबूभाईंनी दाढीवरून हात फिरवून बराच विचार केला. "आमच्याकडं नाय, साहेब. येवल्याला मिळंल."

सरांनी माझ्याकडे पाहून खेदाने मान हलवली. मग त्यांनी मंडळाला कडुनिंबाखाली गोलात बसवून जिक्र करवला. डोळे मिटून, श्वासाबरोबर, छातीतून. ह्यांना पाचव्या मिनिटाला झोप लागली. देवधरबाई उठल्या, घागरा सावरला, एक हात वर, एक हात खाली, आणि फिरायला लागल्या. दोन गिरक्या झकास झाल्या. तिसरीला त्या शेजारच्या कांदे साठवायच्या चाळीकडे सरकल्या, चौथीला चाळीच्या कुडाला टेकल्या, आणि पाचवीला कांद्यात. बाबूभाई तांब्या घेऊन धावले. "उन्हाचं हिंडू नये, ताई," म्हणाले, आणि एक कांदा फोडून नाकाला लावायला दिला.

मला हसू आवरेना. मी हसत हसतच पाटलांच्या घरी गेले.

सहाणेपाशी

पाटलांच्या घरी माजघरात प्रकाशची आई चंदन उगाळत बसली होती. तिला सगळं गाव जिजी म्हणतं. पासष्टीची, काटक, कपाळ मोकळं. तिचे मालक तात्या पाटील आठ महिन्यांपूर्वी गेले होते. पहाटेपासून ती सहाणेवर खोड घासत होती आणि काशाची वाटी निम्मी भरली होती. मी शेजारी बसले.

"जेवला नाहीत तुम्ही?"

"आज उपास आसतो. करवली ना मी."

"कुणाची करवली?"

"पीरबाबाची! लगीन हाय ना आज." माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला एवढं कसं माहीत नाही, याचं तिला नवल वाटलं. "उरूस म्हंजी लगीनच. बाबा देवाला मिळाले त्यो दिवस. आमच्या घरातल्या कुना मागच्या बाईला बाबा बहीण मानायचे. नवरदेवाला हळद कुढून जाती? बहिणीच्या घरून. बाबाला चंदन चालतं, म्हनून चंदन."

"आणि तुम्ही... म्हणजे तात्या गेल्यावर..." मला नीट विचारता येईना.

"बाबाला त्ये काय नसतं," ती म्हणाली. "सुवाशीन-बिवाशीन तुमच्या-आमच्यात."

माझ्या सासूबाईंनी आमच्या शेजारच्या विधवा काकूंना कधी हळदीकुंकवाला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं.

सर पाणी प्यायला आत आले, त्यांना मी उत्साहाने सांगितलं, कारण दुसऱ्याच व्याख्यानात त्यांनी हेच शिकवलं होतं. उरूस शब्दाचा अर्थ विवाह, जीव परमात्म्याला मिळतो त्याचा सोहळा. जिजीने ते दोन वाक्यांत आटोपलं होतं. पण सर हसले. "लोकमानस! मूळ कल्पना केवढी उदात्त, आणि इथवर येता येता तिची करवली झाली." ह्यांनी ते लिहून घेतलं.

सर गेल्यावर जिजीने मला रीत सांगितली. असरची नमाज झाली, म्हणजे दिवस कलायला लागला, की मुजावर डोक्यावर रिकामं तबक घेऊन पाटलाच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहतो. त्याने हाक मारायची नाही. घरातल्या बाईने आपल्या हाताने चंदनाची वाटी त्या तबकात ठेवायची. मग हलगी वाजते, संदल म्हणजे चंदनाची मिरवणूक निघते, चंदन कबरीला लागतं, फातिहाची प्रार्थना होते, मलिदा वाटतात, दिवा लागतो. बाबूभाईंचा आजा असाच उभा राहायचा, बापही.

"आणि वाटी नाही दिली तर?"

खोड घासायचं थांबलं. "मंग लगीन मोडलं. एकदा मोडलं का मान गेला. पुन्हा ह्या घरचं चंदन बाबाला लागत नाय."

"असं झालंय कधी?"

"नाय अजून." तिने ओसरीकडे पाहिलं. तिथे प्रकाश फोनवर बोलत होता. "त्यो म्हनतो औंदा बंद करू. बाप होता तवर त्वांड नाय उघडलं. आता त्याची दोस्तमंडळी हसत्यात म्हने. तिकडं बाबूभाऊचा इक्बाल, त्याचंबी त्येच. म्हातारा दोन दिस जेवला नाय." ती पुन्हा घासायला लागली. "प्रकाश मला नको म्हनला नाय पर. आई, तुझं तू बघ, म्हनला. म्हनून उगाळतीये."

मला त्या वेळी ते फार गंभीर वाटलं नाही, हे कबूल करते. भूक लागली होती. बाहेर पिठलं-भाकरीची ताटं मांडली जात होती आणि ठेच्याचा वास सुटला होता.

कडुनिंबाखाली

जेवणं झाल्यावर प्रकाशने सरांना दोन शब्द बोलायची विनंती केली. दर्ग्यासमोर सावलीत पन्नास-साठ माणसं जमली. पलीकडे चुलवणावर डाळीची मोठी पातेली चढली होती. बाबूभाई नवं बंडी-धोतर घालून पहिल्या रांगेत, दाढी विंचरून. जिजी मागे बायकांत. चंदन पूर्ण झालं होतं.

दोन शब्द चाळीस मिनिटं चालले. आणि काय सांगू, सर बोलले उत्तम! शरीयत म्हणजे रस्ता, तरीकत म्हणजे चालणं, हकीकत म्हणजे पोहोचणं, हे इतकं सोपं करून सांगितलं की पुढच्या रांगेतले म्हातारे माना डोलवायला लागले. मग सरांचा आवाज चढला. "खरा सूफी कबरीला चंदन लावत नाही! तो दोरा बांधत नाही, तबक मिरवत नाही. त्याचा उरूस आत असतो, हृदयात. बाहेरचं हे सगळं नंतरच्या अडाणी लोकांनी चिकटवलेलं आहे!"

बाबूभाई अजून मान डोलवतच होते. सुरुवात केली होती, थांबायचं कुठे ते बिचाऱ्यांना कळलं नाही.

तेवढ्यात कुणीतरी मला म्हणालं, "बाई, तुम्हीबी बोला." आणि मी बोलले. मला बोलायचं कुणी सांगू नये. मी म्हणाले, "मला एवढंच कळत नाही, या नवरदेवाला दरवर्षी लग्न करायचा कंटाळा कसा येत नाही? आमचं एकदाच झालं, तेवढ्यातच पुरेवाट झाली!" हशा पिकला. हे हसले. मंडळ हसलं, पोरं शिट्ट्या मारून हसली. बाबूभाईही हसले, पाहुण्या बाईचा मान ठेवायला. मला बरं वाटलं. तीस वर्षं वर्ग हसवायची सवय, ती काय जाते?

हशा ओसरला आणि प्रकाश उभा राहिला. "सर, म्हणजे संदलची, चंदनाची धर्मात काही गरज नाही?"

"मुळीच नाही."

"हेच मी अब्बांना दोन वर्षं सांगतोय," इक्बाल म्हणाला. "कबरीपुढं हे असं करायचं आमच्यात कुठंच सांगितलेलं नाही."

"आणि मी आईला सांगतोय, की हे आपलं नाहीच," प्रकाश म्हणाला.

एक म्हणतो आमच्यात नाही, दुसरा म्हणतो आमचं नाही, आणि दोघं एकमेकांकडे बघून मान हलवतात! दोन धर्मांची तरुण पिढी इतकी एकदिलाने उभी असलेली मी जन्मात पाहिली नव्हती. सर तर गहिवरले. परत येताना जीपमध्ये हेच तीनदा म्हणाले, की आपल्या येण्याने दोन तरुण मनं जुळली.

बाबूभाई उठले. "साहेब," त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "मंग मी चाळीस वर्षं काय करत व्हतो?"

सर म्हणाले, "तुमची भावना शुद्ध होती. भावना महत्त्वाची."

"हां," बाबूभाई म्हणाले, आणि नमाजाची वेळ झाली म्हणून हातपाय धुवायला ओढ्याकडे गेले.

उंबरा

मी पाटलांच्या घरी पिशवी आणायला गेले होते. माजघरात जिजी वाटी हातात घेऊन उभी होती, वर हिरवं फडकं झाकलेलं. दाराच्या चौकटीत मला बाहेरचं दिसलं. उंबऱ्यापासून हातभर अंतरावर बाबूभाई उभे होते, डोक्यावर पितळी तबक, दोन्ही हातांनी धरलेलं. मागे हलगीवाले. त्यांच्या मागे गाव. अंगणाच्या एका कडेला प्रकाश गाडीला टेकलेला, दुसऱ्या कडेला इक्बाल.

प्रकाशने आतल्या बाजूला तोंड करून सांगितलं, "आई, तू ऐकलंस ना सरांनी काय सांगितलं? आता तूच ठरव." आवाज चढवला नाही त्याने. मोठा शहाणा मुलगा.

जिजी माझ्याकडे वळली. "बाई, तुमी शिकलेल्या. पोरांना शिकिवलेल्या. मघाशी तुमीबी हसला. खरं सांगा, देऊ का ठिवू?"

आता हा प्रश्न मला होता. उत्तर एका अक्षराचं होतं. 'द्या' एवढंच म्हणायचं होतं मला. मनात आलंही. पण लगेच दुसरं आलं, की आपण कोण या घरातल्या? पाहुणे. मुलगा नाराज होईल. हे म्हणतील, तुला नको तिथे तोंड घालायची सवय. सर म्हणतील, तुम्हीसुद्धा? दिवसभर ज्या जिभेने सगळ्यांची टर उडवली ती टाळूला चिकटली. आणि मी काय म्हणाले असेन?

"तुम्हाला वाटेल तसं करा."

जिजीने माझ्याकडे नीट पाहिलं. "मला वाटंल तसं करता आलं आसतं," ती म्हणाली, "तर तुमाला इचारलं आसतं का?"

मला लाज वाटली. आजही हे लिहिताना वाटते.

ती दोन पावलं दाराकडे गेली. प्रकाशने मान वर करून पाहिलं, फक्त पाहिलं. ती थांबली. त्याच्याकडे पाहिलं, बाबूभाईंकडे पाहिलं. मग मागे फिरून तिने वाटी फळीवर ठेवली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

बाबूभाईंची नजर खाली होती, त्यांना हे दिसत नव्हतं. ते उभेच. हाक मारायची नाही, ही रीत. दहा मिनिटं गेली, वीस गेली. हात भरून आले की ते एकेक हात खाली सोडून झटकायचे आणि पुन्हा तबक धरायचे. हलगीवाला आळीपाळीने दोन्ही पायांवर उभा राहत होता. आमची मंडळी कट्ट्यावर बसून बघत होती आणि देवधरबाई फोटो काढत होत्या. 'किती सुंदर स्तब्धता आहे हो,' असं त्या म्हणाल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

"अब्बा, चला," इक्बाल शेवटी म्हणाला. अब्बा हलले नाहीत.

सूर्य टेकला. वस्तीतल्या मशिदीतून मगरिबची बांग आली. बाबूभाईंनी तबक खाली घेतलं. इक्बालने ते घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी ते काखेत घट्ट धरलं. आणि मग, आजवर त्या उंबऱ्यावर त्यांच्या घराण्यातल्या कुणी तोंड उघडलं नव्हतं तिथे, ते आत बघून बोलले. "येतो, वहिनी."

चहाला आल्यासारखे म्हणाले.

हलगीवाल्याने हलगी खांद्याला अडकवली. माणसं पांगली. चुलवणावर डाळ तशीच होती. फातिहाआधी ती वाढत नाहीत, आणि फातिहा व्हायची नव्हती, तेव्हा खाली उतरवायची की नाही हे कुणी सांगेना. प्रकाश आणि इक्बाल गाडीपाशी उभे होते. दोघांचं म्हणणं खरं झालं होतं. प्रकाश किल्ली बोटात फिरवत होता. थोड्या वेळाने इक्बाल पायीच निघून गेला.

निघताना

जीप चालू झाली तेव्हा जिजी वाटी घेऊन बाहेर आली. मला वाटलं, आता तरी जाईल ही दर्ग्याकडे. ती जीपकडेच आली.

"दिवसभर उन्हात व्हते तुमी. डोकी तापली आसतील," ती म्हणाली. "लावते. वाया कशाला घालवायचं?"

आणि तिने एकेकाच्या कपाळाला चंदन लावलं, खिडकीतून हात घालून, नीट, चारी बोटांनी. हे पुढे झुकले. देवधरबाईंनी डोळे मिटले आणि त्यांच्या डोळ्यांतून खरोखरीचं पाणी आलं. "मला काहीतरी झालं हो!" त्या पुटपुटल्या. सरांनी दोन्ही हात जोडून लावून घेतलं. "पाहिलंत?" ते आम्हाला म्हणाले. "ना तबक, ना मिरवणूक. थेट. हाच खरा सूफी क्षण."

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "जिजी, मला नको."

"घ्या वो. उरलंय," ती म्हणाली आणि लावलंच. पहाटेपासून उगाळलेलं चंदन, गार होतं. मी तिचा हात धरला, काहीतरी बोलायचं म्हणून. तिने तो सोडवून घेतला, रागाने नाही, वाटी सांडू नये म्हणून.

नऊ कपाळं झाली. वाटीच्या कडेला राहिलेलं तिने बोटाने निपटून जीपच्या दाराला पुसलं. मग वाटी उपडी करून पदराने कोरडी केली.

"चला, पुढल्या साली उपास नाय," ती म्हणाली, आणि प्रकाशला जेवायला वाढायला आत गेली.